वळणावरचा डावा पाय

रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या आप्पा मयेकरांच्या घराला विजेची बेल नाही. पडवीच्या दाराला एक दोरी लोंबते. ती ओढली की आत एसटीतली घंटी वाजते. भंगारात गेलेल्या एका गाडीची ही घंटी बाबल्या ड्रायव्हरने भंगारवाल्याकडून मिळवली आणि आप्पा निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळाबरोबर त्यांच्या हातात ठेवली. घरी येणाऱ्याने दोरी एकदाच ओढायची असते. एकदा म्हणजे, थांबा, माणूस आहे. नवख्या माणसाने दोनदा ओढली, तर आप्पा आतूनच "बरं, या मग" म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. दोन घंट्या म्हणजे गाडी सुटली. त्यांच्याकडे आलेला कुरिअरवाला दोनदा तसाच परत गेलेला आहे.

रत्नागिरी आगारात आप्पांनी एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. अंगाने किरकोळ, आवाजाने मोठे. कंडक्टर रस्त्याकडे पाठ करून उभा असतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. आप्पांनी जिल्ह्यातली सगळी वळणं पाठीने पाहिली. डावं वळण आलं की पाठ सीटच्या दांड्याला टेकायची, डावा पाय पुढे रोवायचा, आणि तशातच मागच्या बाईला सुटे पैसे द्यायचे. उजवं आलं तरी पाय डावाच रोवायचा, कारण उजव्या बाजूला चामड्याची पिशवी. गाडीने कितीही हेलकावा खाल्ला तरी आप्पा कुणाच्या अंगावर पडले, असं एकतीस वर्षांत झालं नाही. डोळे मिटून ते सांगायचे, "निवळीचं वळण गेलं. आता बावनदीचा उतार."

अशा माणसाच्या बायकोला गाडी लागावी, हा दैवाचा विनोद म्हणायचा. मथुराबाईंना एसटी लागायची, रिक्षा लागायची, एकदा तर उभ्या एसटीत नुसत्या डिझेलच्या वासाने लागली होती. आवळासुपारी झाली, आलेपाक झाला, पोटावर वर्तमानपत्र बांधून झालं, डॉक्टरांची गोळी झाली. गोळीने झोप यायची आणि झोपेतून उठून त्या ओकायच्या. नवऱ्याला कुटुंबासाठी पास मिळत होता, तो कपाटात साडीच्या घडीखाली पडून राहिला.

त्यांचं माहेर आंजर्ल्याला. रत्नागिरीहून तिथवर किती वळणं आहेत ते आप्पांनी एकदा मोजायला घेतलं होतं; दीडशेनंतर एका प्रवाशाशी भांडण झालं आणि आकडा हुकला. शेवटच्या वेळी माहेरी गेल्या तेव्हा मथुराबाई दापोलीच्या स्टँडवर आडव्याच झाल्या आणि माहेरचे चार दिवस पेज पिऊन अंथरुणात काढले. त्याला नऊ वर्षं झाली. मोठा भाऊ दादू, त्याचे गुडघे गेलेले, तो इकडे यायचा प्रश्न नव्हता. बहीणभाऊ फोनवर बोलायचे. फोन ठेवला की मथुराबाई थोडा वेळ फोनकडे बघत बसायच्या आणि मग उगाचच तांदूळ निवडायला घ्यायच्या. आप्पांना ते दिसायचं. माणसांच्या चेहऱ्यावरून त्यांना कुठे उतरायचंय हे ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

गेल्या दसऱ्याला मुलगा विनोद मुंबईहून आला, तो स्वतःची जुनी पांढरी गाडी इथेच ठेवून गेला. त्याने नवी घेतली होती. त्याच आठवड्यात दादूचा फोन आला. "मथुरे, माघी चतुर्थीला मला पंचाहत्तर पुरी होतात. वर कड्यावरच्या गणपतीला अभिषेक करायचाय. येशील तर बघ. नाहीतर पंचाहत्तरीचा फोटो पाठवतो, त्याला हार घाल."

"काहीतरी अभद्र बोलू नको," मथुराबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी घरातले सगळे तांदूळ निवडून झाले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय एकसष्ट.

स्कूल दीपाली नावाच्या मुलीचं होतं. वय सव्वीस, बोलणं तुटक, नजर सतत आरशात. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्या जोरावर तिने निम्मी रत्नागिरी गाडीवर बसवली होती. पहिल्या दिवशी चंपक मैदानावर तिने आप्पांना चालकाच्या जागेवर बसवलं, इंजिन चालू करायला लावलं, पहिला गिअर टाकून दिला आणि म्हणाली, "चला काका."

आप्पा स्टिअरिंग धरून ताठ बसून राहिले.

"काका, चला ना."

"बेल?" आप्पांनी विचारलं.

त्यावर ती इतकी हसली की तिच्याच पायाने ब्रेक दाबला गेला.

बाबल्या ड्रायव्हर मारुती मंदिराच्या चौकात चहा प्यायला यायचा. शिकाऊ पाटी लावलेल्या गाडीत आप्पा दिसले की तो लांबून ओरडायचा, "आप्पा, जमत नसेल तर खाली उतर नि शिट्टी मार! मागे घ्यायला आम्ही आहोत!" आप्पा काच वर करायचे.

शिकण्यात आणि तारीख मिळण्यात तीन महिने गेले, मग लायसन्सची चाचणी झाली. मैदानात इंग्रजी आठाचा आकडा काढायचा होता. आप्पांनी तो इतक्या हळू आणि इतका सुबक काढला की आरटीओचे साहेब म्हणाले, "वा." लायसन्स मिळालं. दीपालीने मात्र पेढा घेताना तोंड जरा वाकडं केलं.

"काका, आठ आला तुम्हाला. रस्ता नाही आला."

"का बरं?"

"तुम्ही आख्खा आठ अर्ध्या क्लचवर काढलात. चालण्याच्या वेगाला ते चालतं. घाटात नाही चालायचं."

पण हातात लायसन्स असलेला माणूस असलं काही ऐकत नाही. त्याच रविवारी आप्पांनी मथुराबाईंना पांढऱ्या गाडीत मागे बसवलं आणि भगवतीच्या किल्ल्याकडे निघाले. चढ आहे, वळणं आहेत, वर देवीचं दर्शन. आंजर्ल्याची रंगीत तालीम म्हणायची. मथुराबाईंनी एका हातात लिंबू धरलं होतं, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि डोळे घट्ट मिटलेले.

पहिल्या वळणाला गाडी आधी सैल सुटल्यासारखी झाली, मग मागे ओढल्यासारखी, मग एकदम हिसका देऊन पुढे. दुसऱ्या वळणाला तसंच. तिसऱ्या वळणाला मागून आवाज आला, "थांबवा."

आप्पांनी थांबवली. मथुराबाई उतरल्या, गटारापाशी वाकल्या, तोंड पुसलं आणि पदर खोचून चालायला लागल्या.

"अगो, कुठे चाललीस?"

"घरी."

"चालत?"

"एसटीत निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी टिकायची मी. तुमच्या गाडीत तिसऱ्या वळणाला बाहेर आलं. तुम्ही या सावकाश." चार पावलं जाऊन त्या वळल्या. आवाज खाली आला होता. "दादूला कळवून टाका. फोटोच पाठव म्हणावं."

आप्पांनी कळवलं नाही. माघी चतुर्थीला वीस दिवस होते. सोमवारी सकाळी ते पुन्हा दीपालीसमोर जाऊन उभे राहिले, पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यासारखे, हात पुढे बांधून.

"बाय, वळण शिकव."

दीपालीने त्यांना शिकाऊ गाडीतून त्याच चढाला नेलं. पहिलं वळण झालं. तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. दुसरं वळण झालं. तिने चप्पल बाजूला केली आणि पुन्हा पाहिलं.

"काका, प्रत्येक वळणावर माझ्या पायाखालचा क्लच आपोआप खाली जातोय."

"गाडी जुनी झाली असेल."

"गाडी नाही. दोन्ही क्लच जोडलेले असतात. तुम्ही दाबताय."

"मी? मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"हात नाही, पाय."

आप्पांनी शपथ घेतली. तिसऱ्या वळणावर दोघांनीही खाली पाहिलं, आणि दीपालीला स्टिअरिंग धरावं लागलं; पण आप्पांचा डावा पाय गपचूप पुढे सरकून क्लचवर रोवून उभा होता, तो त्यांनी स्वतः पाहिला. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं ते त्याच्याकडे बघत राहिले.

तिने गाडी बाजूला घेतली, आप्पांना खाली उतरवलं आणि रस्त्याकडेच्या पिंपळाखाली उभं केलं. "बसमध्ये कसे उभे राहायचात ते दाखवा."

आप्पांनी पाठ टेकायला एक काल्पनिक दांडा शोधला आणि उभे राहिले.

"डावं वळण," दीपाली म्हणाली. डावा पाय पुढे आला. "उजवं वळण." डावा पाय पुढे आला. "घाट. ओळीने चार वळणं." आप्पा पिंपळाखाली चार वेळा डोलले आणि डावा पाय जमिनीत रुतत गेला. फुलं विकणारी एक बाई हातातला हार तसाच धरून हे सगळं बघत होती.

"कळलं," दीपाली म्हणाली. "काका, तुम्ही गाडी चालवतच नाही आहात. तुम्ही गाडीत उभे आहात."

मग तिने समजावलं. वळणाच्या आधी, रस्ता सरळ असतानाच ब्रेकने वेग कमी करायचा. सरळ असतानाच क्लच दाबून सेकंड गिअर टाकायचा. आणि वळण सुरू होण्याच्या आत क्लच सोडून पाय पार बाजूला ठेवायचा. "वळणात इंजिनाने गाडीला धरलेलं असतं, काका. बैलाचा कासरा हातात असतो तसं. क्लच दाबलात की कासरा सुटला. मग गाडी मोकळी घरंगळते, तुम्ही घाबरून ब्रेक मारता, वळण संपलं की क्लच सोडता नि हिसका बसतो. काकूंचं पोट त्या हिसक्याला बाहेर येतं."

आप्पांना अक्षर न् अक्षर पटलं. पायाला पटलं नाही. पुढचे आठ दिवस त्यांनी काय नाही केलं. डाव्या पायातली चप्पल काढून पाहिली. पाय सीटखाली दुमडून पाहिला, तर गिअर टाकायच्या वेळी तो बाहेरच येईना. घरी खुर्चीवर बसून, समोर पाट ठेवून, "डावं वळण, पाय बाजूला, उजवं वळण, पाय बाजूला" असा जप केला. मथुराबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि आत जायच्या. खुर्चीवर पाय ऐकायचा. गाडीत बसला की पुन्हा कंडक्टर व्हायचा.

नवव्या दिवशी, अकरा दिवस उरले असताना, आप्पा भगवतीच्या शेवटच्या वळणाला आले. दीपालीने सवयीने आपला पाय ब्रेकवर आणून ठेवला होता. सेकंड पडला. पाय क्लचवर रोवलेला. स्टिअरिंग वळायला लागलं, आणि तेवढ्यात वर देवळात कुणीतरी दर्शन घेऊन घंटा वाजवली. ठण्, ठण्. दोनदा.

डावा पाय उचलला गेला. आपोआप, हलका होऊन, बाजूला. गाडी त्या वळणातून अशी गेली की आरशाला लटकणारा मारुतीसुद्धा हलला नाही.

दीपालीने वळून पाहिलं. "आता काय केलंत?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. "बेल झाली."

आणि बोलता बोलता त्यांनाच उलगडलं. एकतीस वर्षं एक घंटी म्हणजे गाडी थांबणार, पाय रोवा. दोन घंट्या म्हणजे गाडी सुटली, पाय सोडवा आणि तिकिटं फाडत मागे चला. पायाला समजावणं कळत नव्हतं, घंटी कळत होती.

"म्हणजे एक घंटी झाली की ब्रेक, क्लच, सेकंड," दीपाली विचार करत म्हणाली, "आणि दोन झाल्या की क्लच सोडून पाय बाजूला. काका, हे मी आजवर कुणाला शिकवलेलं नाही. पण बरोबर आहे."

प्रश्न एवढाच होता की आंजर्ल्यापर्यंतच्या प्रत्येक वळणावर देऊळ नव्हतं.

घरी आल्यावर आप्पांनी हे सगळं मथुराबाईंना सांगितलं. त्या कोळंबी सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, पडवीत गेल्या, स्टुलावर चढल्या आणि दाराची घंटी दोरीसकट काढून आणली.

"मी मारते बेल," त्या म्हणाल्या.

"तू? तू तर डोळे मिटून बसतेस."

"उघडे ठेवीन."

"पुढे बसावं लागेल."

"बसेन. दीडशे वळणं आहेत म्हणता ना? दीडशेदा मारीन. पण उशीर केलात तर ओरडेन हां, सांगून ठेवते."

घंटी गाडीत पुढच्या आरशाशेजारी बांधली. दीपालीने दोन दिवस मागे बसून दोघांची तालीम घेतली. ती म्हणाली की काकूंना जास्त लवकर आलं. लांबून वळण दिसलं की एक, गाडी दबून सेकंडमध्ये आली की दोन. पहिल्या दिवशी मथुराबाईंनी लिंबू मांडीवर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गाडीत खाली कुठेतरी घरंगळून गेलं आणि कुणी शोधलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला दोघं निघाले. तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर बाबल्या उभा होता, मुद्दाम लवकर उठून आलेला. घंटीचा आवाज ऐकून त्याने आत डोकावलं आणि दोरी कुणाच्या हातात आहे ते पाहिलं.

"वैनी, वेळेत सोडा हां गाडी! आणि कंडक्टरशी हुज्जत घालू नको रे आप्पा, रिपोर्ट होईल!"

मथुराबाईंनी उत्तर म्हणून दोनदा दोरी ओढली. आप्पांना निघावंच लागलं.

आरे-वारेच्या घाटात वर चढताना डाव्या हाताला समुद्र होता, पण मथुराबाईंना तो बघायला सवड नव्हती. "एक. ब्रेक लावलात? हळू. हां. दोन. पाय बघू? बरोबर. आता पुढचं उजवं आहे, मागून दुचाकी आहे, तिला जाऊ द्या." गणपतीपुळं गेलं. जयगडला गाडी फेरीबोटीत चढली. तिकडच्या तीरावर चढणीचा रस्ता लागला, तिथे एक मासळीचा टेम्पो मधोमध आला, तेव्हा मथुराबाईंनी घंटी इतकी जोरात बडवली की टेम्पोवाला स्वतःच थांबला.

"अगो, ती घंटी माझ्यासाठी आहे."

"त्याला पण कळली ना? मग झालं."

गुहागर मागे पडलं तेव्हा आप्पांनी हळूच विचारलं, "पोटात कसं आहे?"

विसरलेलं काही आठवून पाहावं तसा मथुराबाईंनी पोटावर हात ठेवला. "भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "पण बोलू नका आता. वळण आलं."

दाभोळच्या फेरीबोटीत दोघांनी घरून आणलेले तांदळाचे घावणे खाल्ले. दापोली आली. स्टँडवरून जाताना मथुराबाईंनी एकदाच त्या बाकाकडे पाहिलं, जिथे त्या नऊ वर्षांपूर्वी आडव्या झाल्या होत्या, आणि मान फिरवून पुढच्या वळणाची एक घंटी जरा लवकरच दिली. आसूदची उतरण सगळ्यांत अवघड. पोफळींमधून खाली जाणारा अरुंद रस्ता, वळणामागे वळण, त्यात समोरून भरलेली एसटी. आप्पांनी सेकंडमध्ये गाडी धरून ठेवली, डाव्या अंगाला घेतली, एसटी गेली. एसटीच्या कंडक्टरने खिडकीतून घंटी ऐकली आणि चमकून आपल्या दोरीकडे पाहिलं.

हर्णै मागे टाकून खाडीचा पूल ओलांडला. आंजर्ल्यात शिरायच्या आधीचं एक वळण होतं. आप्पांनी वेग कमी केला, सेकंड टाकला आणि कान दिले. दोन घंट्या आल्या नाहीत. वळण आलंच. स्टिअरिंग फिरलं, गाडी आत गेली, मऊपणे वळली, सरळ झाली. आप्पांनी खाली पाहिलं. डावा पाय क्लचच्या बाजूला, आपल्या जागी, मुकाट बसला होता.

"बेल?" ते म्हणाले.

मथुराबाईंच्या हातात दोरी तशीच होती. त्या वर बघत होत्या. माडांच्या वर, कड्यावर, गणपतीच्या देवळाचा पांढरा कळस उन्हात आला होता.

"अगो बाई," त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "राहिलीच."

आप्पांनी काही सांगितलं नाही. पुढच्या बारक्या वळणाला त्यांनी उगाचच थोडी वाट पाहिली, आणि मथुराबाईंनी सावरून दोनदा दोरी ओढली तेव्हाच गाडी पुढे काढली.

दादू अंगणात उभा होता. एका हातात काठी, पायाशी पाण्याने भरलेली बादली, बादलीच्या काठावर पंचा, आणि बशीत कापलेलं लिंबू. बहीण माहेरी आली की तिचं स्वागत असंच करायचं, हे त्याला तिच्या लग्नापासून माहीत होतं. पडवीत खाटसुद्धा घालून ठेवली होती.

गाडी थांबली. मथुराबाईंनी आधी एक घंटी दिली, मग दार उघडून उतरल्या, ताठ, केसाची बट न हललेली.

"मथुरे," दादूने बादली पुढे सरकवली, "ये, आधी तोंडावर पाणी मार. किती वेळा झाली?"

मथुराबाईंनी बादलीतून तांब्या भरून घेतला आणि उंबऱ्याशी जाऊन शांतपणे पाय धुतले. मग भावाला वाकून नमस्कार केला.

"काय गो, लागली नाही गाडी?"

"कंडक्टरला लागते काय कधी गाडी?" त्या म्हणाल्या. "ते लिंबू त्यांना दे. सहा तास एकाच जागी बसलेत बिचारे, सवय नाही त्यांना."

आप्पा गाडीला धरून उभे होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्यांनी बशीतलं लिंबू घेतलं, खाटेवर बसले आणि निमूटपणे चोखायला लागले.